फेडावा न लागणारा पैसा

पैसा जूनमध्ये लागतो आणि येतो दिवाळीच्या पुढेमागे. पहूरच्या आसपास कोरडवाहू कपाशी करणाऱ्या घराचं सगळं अर्थशास्त्र एवढ्यात येतं. मृगाचा पाऊस पडला की बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, मुलांच्या वह्या असं सगळं एकदम अंगावर येतं आणि पहिल्या वेचणीला दसरा उजाडतो. मधले चार महिने घर चालतं मजुरीवर आणि उधारीवर. म्हणून खेड्यातली गरिबी समजून घ्यायची तर वर्षाचं उत्पन्न किती, एवढं विचारून भागत नाही. पैसा कोणत्या महिन्यात आला, कोणाच्या नावावर आला आणि त्याच्या बदल्यात काय द्यावं लागलं, हेही विचारावं लागतं. सरकार थेट खात्यात रोख रक्कम टाकतं तेव्हा तिनं घरात काय बदललं, हे कळतं ते या प्रश्नांवरूनच.

जामनेर तालुक्यातलं पहूर हे जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, वाघूर नदीकाठचं बाजाराचं गाव. पेठ आणि कसबे असे त्याचे दोन भाग. पाचोरा–जामनेर छोटी रेल्वे 2020 पर्यंत इथूनच जात असे. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं बँकेला, कृषी केंद्राला, दवाखान्याला इथं येतात. सरकारी पैसा खात्यात पडला की नाही, याची पहिली चौकशीही अशाच गावाच्या बसस्टँडजवळ होते.

उचल आणि तिची किंमत

खान्देशातल्या गरिबाला एकरकमी रोख पैसा नवा नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचं वर्ष फिरतं; नव्या सालासाठी मालकाकडून उचल घेतली जाते आणि पुढचे बारा महिने ती कामातून फिटत राहते. चाळीसगाव, पाचोरा, पारोळा भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना मुकादम अशीच उचल देतो. लग्न, दवाखाना, घरावरचे पत्रे यांसाठी मोठी रक्कम हाती येते ती याच वाटेनं.

हा पैसा वेळेवर मिळतो, हे त्याचं बळ. पण तो घेताना माणूस पुढच्या वर्षाचे हातपाय गहाण ठेवतो. मालकानं बोलावलं की जावं लागतं, दर कमी वाटला तरी बोलता येत नाही, आजारी पडलं तरी खाडा अंगावर चढतो. कृषी केंद्राच्या उधारीचं तेच. बियाणं-खत वहीवर लिहून मिळतं, पण त्याचा भाव रोखीच्या भावाहून चढा असू शकतो आणि कापूस आला की पहिला हक्क वहीचा. बचत गटाचं किंवा खासगी फायनान्सचं कर्ज असेल, तर आठवड्याचा नाहीतर पंधरवड्याचा हप्ता ठरलेला. थोडक्यात, गरिबाच्या घरात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रुपयाला मागून दोरी बांधलेली असते.

एका घराचा हिशेब

उदाहरणादाखल एक घर धरू. नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सत्तरीची विधवा सासू. दोन एकर कोरडवाहू रान, सातबारा नवऱ्याच्या नावावर.

नवऱ्याच्या खात्यात पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये येतात, 2,000च्या तीन हप्त्यांत. ही केंद्राची योजना 24 फेब्रुवारी 2019 रोजी सुरू झाली. राज्यानं 2023च्या अर्थसंकल्पात तिला जोड दिली ती नमो शेतकरी महासन्मान निधीची, तेवढ्याच रकमेची. ते झाले 12,000. बायकोला मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1,500, म्हणजे वर्षाला 18,000. सासूला श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचे 1,500, म्हणजे आणखी 18,000. सगळं मंजूर होऊन वेळेवर आलं, तर घरात वर्षाला 48,000 रुपये येतात.

ही रक्कम किती मोठी? महाराष्ट्रात 2025-26मध्ये रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता. त्या दरानं 48,000 म्हणजे एका माणसाची दीडशेहून अधिक दिवसांची मजुरी. रेशनवर तांदूळ-गहू फुकट मिळत असल्यानं यातला बराच पैसा धान्याकडे वळत नाही. तो जातो तेल, डाळ, गोळ्या-औषधं, गॅसची टाकी आणि वह्यांकडे. या गोष्टी रोखीनंच घ्याव्या लागतात आणि हातात पैसा नसला की सगळ्यात आधी कापल्या जातात.

पण हेच घर भूमिहीन असेल, तर पहिले 12,000 गळाले. सालदार, शेतमजूर, दुसऱ्याचं रान बटाईनं करणारा यांचं सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून शेतकरी म्हणून येणारी मदतही नाही. कपाशीतली मेहनत त्यांची आणि सन्मान निधी मालकाचा, असा हा हिशेब आहे.

दोन हजार रुपये, जूनचे आणि ऑगस्टचे

आता पीएम-किसानच्या त्या 2,000 रुपयांकडे जरा जवळून पाहू. 2025 साली बीटी कपाशीच्या एका पाकिटाची कमाल किंमत 901 रुपये होती. एकराला साधारण दोन पाकिटं लागतात. म्हणजे एका हप्त्यात एका एकराचं बियाणं येतं आणि वर जेमतेम दोनशे रुपये उरतात. डीएपीची गोणी 1,350 रुपयांची. ती घ्यायची तर बियाणं उधारीवर. योजना सुरू झाली त्या 2019 साली तेच पाकीट 730 रुपयांना होतं. पाकीट महागलं, हप्ता तेवढाच राहिला.

तरीही हे दोन हजार पेरणीच्या आठवड्यात हातात असले, तर त्यांची किंमत दोन हजारांहून जास्त असते. बियाणं रोखीनं घेतल्यामुळे दुकानदाराकडे हवं ते वाण मागता येतं, भाव करता येतो आणि वहीवर तेवढी ओळ कमी होते. 2024 साली पीएम-किसानचा हप्ता 18 जूनला आला. 2025 साली तोच हप्ता आला 2 ऑगस्टला. तोवर खान्देशातली कपाशी केव्हाच उगवून वर आली होती. सरकारच्या हिशेबात दोन्ही वर्षी 2,000 रुपयेच पोचले. शेतकऱ्याच्या हिशेबात पहिल्या वर्षी ते बियाणं होतं, दुसऱ्या वर्षी झालेल्या उधारीची फेड.

कापूस विकतानाही हाच खेळ. 2024-25च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. तो मिळवायला भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर नोंदणी करावी लागते, गाडी करून माल न्यावा लागतो, ओलाव्याच्या तपासणीत उतरावं लागतं आणि पैसे खात्यात यायला थांबावं लागतं. खेडा खरेदीचा व्यापारी मात्र दारात येऊन काटा लावतो आणि नोटा मोजून देतो. त्याचा भाव कमी असतो हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. पण दिवाळी तोंडावर आहे, वेचणीची मजुरी चुकती करायची आहे, घरात रोकड नाही. अशा वेळी पहिल्या वेच्याचे दोन-चार क्विंटल पडेल भावात जातात. घरात त्या आठवड्यापुरते दोन-तीन हजार असले, तरी निदान काही माल थांबवून ठेवता येतो. गरिबाला सगळ्यात जास्त नुकसान होतं ते थांबता न आल्यामुळे आणि थोडी रोकड नेमकी तीच सोय देते.

तिच्या नावावरचं खातं

लाडकी बहीण योजना 28 जून 2024च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात जाहीर झाली. 21 ते 65 वयाच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या बायकांना महिना 1,500. गावोगाव अंगणवाडीताईंनी अर्ज भरले, सेतू केंद्रांवर रांगा लागल्या आणि ऑगस्टच्या मध्याला, राखीपौर्णिमेच्या आधी, दोन महिन्यांचे 3,000 रुपये एकदम जमा झाले. लाभार्थ्यांचा आकडा पुढे सव्वादोन कोटींच्या वर गेला.

घरात याचा फरक पडतो तो लहानसहान गोष्टींत. एरवी बाईची मजुरी रोख मिळते, ती घराच्या खर्चात विरून जाते आणि वेगळी दिसतही नाही. खात्यातले दीड हजार वेगळे दिसतात. मुलीची सहलीची वर्गणी, स्वतःचं दुखणं अंगावर न काढता केलेली रक्ततपासणी, भिशीचा हप्ता, दोन शेळ्या घेण्यासाठी साठवलेली रक्कम, अशा गोष्टींसाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. मध्य प्रदेशच्या उत्तर भागात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की रोजगार हमीची मजुरी नवऱ्याच्या खात्याऐवजी बायकोच्या स्वतःच्या खात्यात गेली आणि खातं कसं वापरायचं हेही तिला शिकवलं, तर त्या बायका पुढे जास्त काम करू लागल्या, आणि बाईनं बाहेर काम करण्याबद्दलची त्यांची मतंही सैल झाली. पैसा तेवढाच होता. फक्त तो कोणाच्या नावावर पडतो, एवढं बदललं होतं.

पण खात्यावर नाव असणं आणि पैसा हातात येणं यांत एक टप्पा आहे. सरकारी रक्कम आधार क्रमांकाच्या आधारे पाठवली जाते आणि त्या क्रमांकाशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाऊन पडते. बाईचं जुनं खातं जिल्हा बँकेत, मधे कोणीतरी मोबाइलच्या सिमकार्डासोबत उघडून दिलेलं दुसरं, गॅसच्या अनुदानासाठीचं तिसरं. ती जिल्हा बँकेत पासबुक भरून घेते आणि पैसे आलेच नाहीत म्हणून परत जाते. पैसे मात्र तिसऱ्याच खात्यात असतात.

खातं सापडलं की अंगठ्याची पाळी. वेचणीच्या दिवसांत बोंडाची वाळलेली टोकं बोटांना ओरखडत राहतात, शेणकाडी-भांड्यांनी कातडी झिजलेली असते. ग्राहक सेवा केंद्रातला पोरगा यंत्राची काच पुसतो, बाईला बोट ओल्या फडक्याला पुसायला सांगतो, अंगठा नाही तर मधलं बोट लावून बघतो. मागची रांग चुळबुळते. कधी तिसऱ्या वेळी पावती बाहेर येते, कधी ‘उद्या या’. उद्या यायचं म्हणजे एक रोज बुडाला. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ही इथे खरी मदत ठरते.

गंमत अशी, की ज्या आधारवर ही सगळी यंत्रणा उभी आहे, त्याचा देशातला पहिला क्रमांक दिला गेला तो खान्देशातच. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी.

फुकटचा पैसा माणसाला आळशी करतो का?

पहूरच्या कोणत्याही पारावर हा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, हे पैसे दारूत जातात. दोन, यामुळे वेचणीला बाया मिळेनाशा झाल्या.

पहिल्याचं उत्तर जगभर शोधलं गेलं आहे. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी 2014 साली वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून तपासल्या. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. घरात आधीच पिणारा असेल, तर तो या पैशावरही हात टाकेल, हे खरं. पण त्याच्या हाताला तो लागू नये म्हणूनच तो बाईच्या खात्यात टाकायचा असतो.

दुसऱ्या तक्रारीसाठी साधा भागाकार पुरे. महिना 1,500 म्हणजे दिवसाला 50 रुपये. रोजगार हमीच्या दरानं पाच दिवसांचीसुद्धा मजुरी नाही. पाच दिवसांच्या मजुरीवर कोणी तीस दिवस घरी बसत नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात प्रयोगांची आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा रोख मदतीमुळे लोक काम सोडतात याचा पुरावा मिळाला नाही. एक गोष्ट मात्र बदलते. अंगात ताप असताना, उन्हाच्या कडाक्यात, पडेल त्या दराला जाण्याची सक्ती थोडी ढिली होते. मजूर बाई ‘आज नाही’ किंवा ‘या दरात नाही’ म्हणू शकते. शेतमालकाला ते आळस वाटतं. भाव न पटल्यानं त्यानं स्वतः कापूस घरात ठेवला, तर त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

सातपुडा ओलांडला की लागणाऱ्या मध्य प्रदेशात, इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत 2011-12मध्ये ‘सेवा’ संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं एक प्रयोग केला. गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला 200 आणि मुलाला 100 रुपये, पुढे 300 आणि 150. कसलीही अट नाही. सहा हजारांहून अधिक लोकांना सुमारे दीड वर्ष हा पैसा मिळाला. लोकांनी जनावरं घेतली, घराची डागडुजी केली, कर्ज कमी केलं. मुलांची, विशेषतः मुलींची वजनं सुधारली. आणि कामाचे तास घटण्याऐवजी वाढले, कारण बियाणं-खत घ्यायला थोडे पैसे मिळाल्यावर मजुरीला जाणारी काही माणसं स्वतःच्या रानात राबू लागली.

केनियात रारिएडा भागात झालेल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट पुढे आली. तिथं काही घरांना रक्कम महिन्याला दिली, काहींना एकदम. महिन्याला मिळालेल्यांच्या ताटात भर पडली. एकदम मिळालेल्यांनी छपरावर पत्रे टाकले. आपल्या योजना महिन्याचं आश्वासन देतात आणि बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांचं थकवून एकदम देतात. त्यात ताटाची शाश्वती राहत नाही आणि पत्र्यांचा बेतही आधी आखता येत नाही.

गरीब कोण, याचे दोन हिशेब

आता पुन्हा आपल्या घरातल्या सासूकडे वळू. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांसाठी वार्षिक उत्पन्नाची अट वर्षानुवर्षं 21,000 रुपये राहिली. रोजगार हमीच्या 312 रुपयांच्या दरानं 68 दिवस काम केलं की ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे 2025 साली सरकारची हमी असलेलं शंभर दिवसांचं काम घरातल्या एकानं पूर्ण केलं, तर कागदावर त्या घरातली म्हातारी निराधार उरत नसे. मग तलाठ्याच्या दाखल्यावर उत्पन्न कसंबसं एकवीस हजारांच्या आत बसवलं जातं आणि गरजू माणसाला आपलाच हक्क खोट्या आकड्यावर मिळवावा लागतो.

लाडक्या बहिणीला मर्यादा अडीच लाखांची. म्हणजे साठ हजार उत्पन्नाच्या घरातली बाई पासष्टाव्या वर्षापर्यंत सरकारच्या लेखी गरीब असते. वय उलटलं, हातपाय थकले, की तीच बाई श्रावणबाळच्या अटीनं श्रीमंत ठरते.

दुसरी विसंगती सातबाऱ्याची. शेतकरी योजनांचे वर्षाला 12,000 मिळणाऱ्या बाईला लाडक्या बहिणीचे महिन्याला 500च मिळतात. आपल्या उदाहरणातलं रान नवऱ्याच्या नावावर आहे, म्हणून या दोन योजनांतून जोडप्याला वर्षाला 30,000 येतात. तेच रान बायकोच्या नावावर असतं तर 18,000 आले असते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1990च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. आजच्या नियमांत अशा घराला वर्षाला बारा हजारांचा दंड बसतो.

लाडक्या बहिणीच्या पडताळणीतही असंच झालं. जून 2025 पासून 26 लाखांहून अधिक नावांचे हप्ते थांबवले गेले. त्यांत चौदा हजारांहून अधिक पुरुषांची नावं निघाली. छाननी हवीच होती. पण नंतरच्या ई-केवायसीत बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला गेला. विधवा, टाकलेल्या, एकट्या बायकांनी हा ओटीपी आणायचा कुठून? ओरड झाल्यावर मार्ग काढला गेला, पण पैशाची सर्वात जास्त गरज असलेलीच बाई आधी अडकली.

आणि तिजोरी. सुरुवातीला लाडकी बहीण या एका योजनेचा वर्षाचा खर्च 46,000 कोटी धरला होता; 2025-26च्या अर्थसंकल्पात 36,000 कोटींची तरतूद झाली. मे 2025मध्ये हप्त्यासाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी वळवला गेला, तेव्हा सरकारमधूनच जाहीर नाराजी उमटली. आश्रमशाळेच्या, वसतिगृहाच्या पैशातून बहिणीचा हप्ता दिला, तर एका गरिबाच्या ताटातलं दुसऱ्याला वाढल्यासारखं होतं. रोख मदत दवाखान्यातला डॉक्टर आणू शकत नाही, शाळेतला मास्तर आणू शकत नाही. ही दोन्ही नसतील तर खात्यातले दीड हजार खासगी दवाखान्यात आणि शिकवणीतच जातील.

रकमेआधी तारीख

2024 साली लाडक्या बहिणीचे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागण्याआधी एकत्र दिले गेले. निवडणुकीत 1,500चे 2,100 करण्याचं आश्वासन आलं. रकमेची बोली चढत गेली. हप्ता कोणत्या तारखेला येईल, हे मात्र कोणी कायद्यात लिहून दिलं नाही. नोकरदाराला पगाराची तारीख माहीत असते, म्हणून तो घराचा हप्ता, विमा, शाळेची फी ठरवू शकतो. खेड्यातल्या बाईला तारीख ठाऊक नसेल, तर हातात आलेला पैसा आधीच्या उसनवारीत जातो आणि आपण मात्र ‘एवढं देऊनही काही फरक पडला नाही’ म्हणायला मोकळे.

तेव्हा ग्रामसभेत, वर्तमानपत्रात किंवा मत मागायला आलेल्या उमेदवारापुढे या विषयावर बोलायची वेळ आली, तर रकमेच्या आधी तीन गोष्टी मागा. हप्त्याची ठरलेली तारीख आणि शेतकऱ्याचा एक हप्ता पेरणीच्या आत. सर्व योजनांना गरिबीची एकच, वास्तवाला धरून असलेली व्याख्या. आणि नाव कापण्याआधी लेखी कारण व दाद मागायची जागा, तीही तालुक्याला, मुंबईला नव्हे. तोवर एक काम तुमच्याआमच्या हातातलं आहे. ओळखीच्या मावशीचं आधार कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे, हे ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर पाहता येतं, ते पाहून तिला सांगा, म्हणजे तिची एक फेरी आणि एक रोज वाचेल.